जुन्या आवृत्तीची डागडुजी

२० एप्रिल २०२० रोजी, जगातील बहुतेक देश टाळेबंदीत असताना, ‘पायथन’ या संगणकीय भाषेची २.७.१८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या वेळी याच भाषेची ३.८ ही आवृत्ती प्रचारात होती आणि तिसऱ्या मालिकेतील पहिली आवृत्ती तर डिसेंबर २००८ मध्येच बाहेर पडलेली होती. म्हणजे नवी पिढी जन्मास येऊन अकरा वर्षे लोटली, तरी जुन्या पिढीच्या अंगरख्याला ठिगळे लावण्याचे काम चालूच होते. आकड्यांचा क्रम पाहणाऱ्या माणसास यात काही तरी उफराटे आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. तीन आल्यावर पुन्हा दोन कशासाठी? ज्यांनी नवे घर बांधले त्यांनीच जुन्या घराचे छप्पर शाकारीत बसावे, हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय नव्हे काय? संगणकाच्या बाजारात तर नवे तेवढे चांगले आणि जुने तेवढे टाकाऊ, हाच मंत्र अहोरात्र जपला जात असतो.

हा प्रश्न वरवर पाहता संगणकतज्ज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो त्यांच्यापुरता नाही. ‘शालार्थ’ प्रणालीतून पगारबिले तयार करणारा शाळेतील लिपिक, ‘यू-डायस’ची माहिती भरणारे मुख्याध्यापक, बँकेच्या तालुका शाखेतील रोखपाल, परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, या सर्वांचे दैनंदिन व्यवहार कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीच्या कोणत्या ना कोणत्या आवृत्तीवर चालतात, आणि ती आवृत्ती बहुधा सर्वांत नवी नसते. तिच्यातील दोष कोणी दुरुस्त करावयाचे, किती वर्षे करावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, याचा निर्णय मात्र त्यांच्यापासून हजारो मैलांवर, त्यांना न विचारता होत असतो. म्हणून जुन्या आवृत्तीची डागडुजी का होते आणि ती केव्हा थांबते, हे समजून घेण्यात या मंडळींचा प्रत्यक्ष स्वार्थ आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. नवी आवृत्ती आणि दुरुस्ती या भिन्न गोष्टी आहेत. कचेरीत काम करणाऱ्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. शासन निर्णय निघतो. त्यात एखादा आकडा किंवा परिच्छेदाचा क्रमांक चुकलेला असतो. मग काही दिवसांनी शुद्धिपत्रक निघते. शुद्धिपत्रकाने धोरण बदलत नाही. जे म्हणावयाचे होते तेच बिनचूक म्हटले जाते. नवा शासन निर्णय मात्र आधीचा निर्णय अधिक्रमित करून वेगळी व्यवस्था आणतो, तिचे फायदे असतात आणि तिचे घोळही असतात. आज्ञावल्यांच्या क्रमांकांत हाच भेद दडलेला आहे. २.७.१८ मधील पहिला आकडा पिढीचा, दुसरा नव्याने घातलेल्या सोयींचा आणि तिसरा केवळ दुरुस्त्यांचा. तेव्हा तीननंतर दोन आले म्हणून गणित चुकले असे नव्हे. जुन्या ग्रंथाचे अठरावे शुद्धिपत्रक निघाले, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आणखी जवळचे उदाहरण द्यावयाचे तर जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेचे देता येईल. अभ्यासक्रम बदलला म्हणून जुन्या अभ्यासक्रमाने अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास कोणी वाऱ्यावर सोडीत नाही. पुढील काही परीक्षांना त्याच्यासाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका काढली जाते. ती काढणे परीक्षा विभागाच्या दृष्टीने कटकटीचे असते, तिला बसणारे थोडे असतात, आणि तिच्यात छपाईची चूक निघाली तर तीही त्याच गांभीर्याने दुरुस्त करावी लागते. नवा अभ्यासक्रम सरस आहे, सर्वांनी तोच घ्यावा, हा युक्तिवाद तेथे कोणी करीत नाही. कारण दोन वर्षे एका पुस्तकावर घालविलेल्या मुलाच्या हातातून ते पुस्तक ऐनवेळी काढून घेणे अन्यायाचे आहे, हे सर्वांना पटते. या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण आहे. जुन्या अभ्यासक्रमाच्या संधी किती, हे विद्यार्थ्याला आधी सांगितलेले असते. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

आता जुन्या आवृत्तीला चिकटून राहणारे लोक आळशी किंवा प्रगतीचे वैरी असतात काय, हे पाहू. पायथनचेच उदाहरण घेऊ, कारण त्या भाषेच्या कर्त्यांनी तिसऱ्या पिढीत काही गोष्टी मुद्दाम, पूर्ण विचारांती बदलल्या. दुसऱ्या पिढीत ५ भागिले २ असे लिहिले तर संगणक उत्तर देई २. तिसऱ्या पिढीत तो सांगतो अडीच. नवे उत्तर शाळकरी मुलालाही पटेल. तथापि, ज्याने जुन्या भाषेत शुल्कवसुलीचा किंवा मालाच्या मोजणीचा हिशेब बसविला, त्याने त्या ‘दोन’वर विसंबून पुढची शंभर वाक्ये रचलेली असतात. एका रात्रीत ‘दोन’चे ‘अडीच’ झाले तर कोठे तरी कोपऱ्यात हिशेब बिघडतो आणि तो का बिघडला हे शोधण्यास आठवडे लागतात.

दुसरा बदल तर थेट आपल्या भाषेशी संबंधित आहे. जुन्या पायथनला ‘मराठी’ हा शब्द साध्या रीतीने देऊन त्याची लांबी विचारली, तर युनिकोडच्या प्रचलित संकेताप्रमाणे ती पंधरा भरे. कारण तो अक्षरे मोजीत नसून ती साठविण्यास लागणारे बाइट मोजीत असे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. नवा पायथन पाच सांगतो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. (आपण मराठी माणसे तीन मोजतो, तो भाग निराळा.) इंग्रजीखेरीज इतर भाषांना न्याय देण्यासाठी हा बदल आवश्यकच होता आणि आपण त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु बदल योग्य असणे आणि तो फुकट असणे यांत अंतर आहे. ज्यांनी जुन्या मोजणीवर इमारती उभारल्या होत्या त्यांना पायापासून तपासणी करावी लागली. म्हणूनच भाषेच्या कर्त्यांनी २.७ या आवृत्तीच्या दुरुस्त्या २०१५ पर्यंत करण्याचे ठरविले आणि तेवढी मुदत अपुरी आहे असे दिसताच २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढविली.

जेथे अशी मुदत मिळत नाही तेथे काय होते, हे पाहण्यास परदेशी जावयास नको. मराठी मुद्रणव्यवसायात युनिकोड रुळण्यापूर्वी पेजमेकर या आज्ञावलीवर आणि प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र संकेताच्या टंकांवर कित्येक पुस्तके जुळविली गेली. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. ती शेवटचीच ठरली. अडोबी कंपनीने आपले लक्ष इनडिझाइनकडे वळविले. जुळविलेली पुस्तके मात्र जुन्याच वेष्टनात राहिली. एखाद्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण करावयाचे तर त्यासाठी जुना संगणक जिवंत ठेवावयाचा, नाहीतर सारा मजकूर नव्या संकेतात उलटवून पुन्हा मुद्रिते वाचावयाची, असा पेच प्रकाशकांपुढे उभा राहिला. मजकूर उलटविताना जोडाक्षरे कशी फुटतात आणि रफार कोठे जाऊन बसतो, हे ज्याने मुद्रिते तपासली आहेत त्यास विचारावे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचे आहे. गणिताची पुस्तके छापण्यासाठी अमेरिकेतील या प्राध्यापकांनी ती १९७८ मध्ये प्रथम सिद्ध केली आणि १९९० मध्ये जाहीर केले की, यापुढे तिच्यात एकही नवी सोय घातली जाणार नाही. केवळ दोष दुरुस्त होतील. तिचा आवृत्तिक्रमांक दर दुरुस्तीला ‘पाय’ या गणिती संख्येच्या एकेका दशांशाने पुढे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. चूक दाखविणाऱ्यास ते पदरचे बक्षीस देतात. या हट्टामुळे पुष्कळ वर्षांपूर्वी जुळविलेला लेख आजही त्याच ओळींवर मोडतो, त्याच पानांवर संपतो. सर्वांनी असेच करावे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु आज्ञावली पूर्ण झाली असे म्हणता येते आणि पूर्ण झालेल्या वस्तूचीही निगा राखावी लागते, हे भान या उदाहरणाने राहते.

नव्या आवृत्तीच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो, आणि तो पोकळ नाही. मात्र तो जितका सरसकट मांडला जातो तितका खराही नाही. नवे मजकूर म्हणजे नव्या चुका, हे मुद्रितशोधकास जेवढे ठाऊक असते तेवढेच ते आज्ञावलीकारासही ठाऊक असते. महाजालावरील संदेश गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’ या साधनात एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने कुप्रसिद्ध झालेला दोष सापडला. दूरवर बसलेला चोर संगणकाच्या स्मृतीतील तुकडे, त्यांत परवलीचे शब्दही आले, बिनबोभाट वाचून नेऊ शकत होता. हा दोष मार्च २०१२ मध्ये निघालेल्या १.०.१ या मालिकेत होता. २००५ पासून चालत आलेल्या ०.९.८ या मालिकेत तो नव्हता. कारण ज्या नव्या सोयीबरोबर तो आत शिरला ती सोयच जुन्या मालिकेत नव्हती. त्या दिवसांत, ज्यांनी जुनी मालिका धरून तिच्या दुरुस्त्या नियमाने बसविल्या होत्या, त्यांची झोप मोडली नाही.

मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेला प्रकार याहून गंभीर होता. फाइली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कोणी तरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब जाणवला, त्याचा पाठपुरावा त्याने केला, म्हणून हा कट बाहेर आला. लिनक्सच्या ज्या वितरणांनी अगदी ताजा माल उचलला होता त्यांत तो दरवाजा शिरला होता. डेबियनसारख्या वितरणाच्या स्थिर आवृत्तीत मात्र जुनीच, दुरुस्त केलेली प्रत असल्यामुळे ती वाचली. जुने नेहमीच सुरक्षित असते असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याची देखभाल चालू आहे असे जुने आणि ज्याला कोणी वाली नाही असे जुने, या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ही देखभाल प्रत्यक्षात होते कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. दोष सापडतो तो बहुधा नव्या आवृत्तीत. तेथे तो दुरुस्त झाला की जुन्या आवृत्त्या एकेक करून उघडाव्या लागतात: तोच दोष येथेही आहे काय? असल्यास तीच दुरुस्ती येथे बसेल काय? पुष्कळदा बसत नाही, कारण मधल्या वर्षांत आजूबाजूची रचना बदललेली असते. मग दुरुस्तीचे मर्म तेवढे घेऊन ती जुन्या रचनेस अनुरूप अशी नव्याने लिहावी लागते आणि तिने दुसरे काही बिघडत नाही याची खात्री करून घ्यावी लागते. जुन्या वाड्याची एक तुळई बदलताना गवंड्याला जी सावधगिरी बाळगावी लागते तीच ही. लिनक्सच्या गाभ्याच्या स्थिर आवृत्त्यांसाठी या कामाचे लेखी नियम आहेत. दुरुस्ती आधी लायनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य प्रतीत गेलेली असली पाहिजे. ती उघडपणे बरोबर आणि तपासलेली असली पाहिजे. लोकांना प्रत्यक्ष भोवणाऱ्या दोषासाठीच ती असली पाहिजे. आणि ती आगेमागच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी असता कामा नये. या शंभर ओळींच्या मर्यादेत फार मोठा व्यवहार आहे. दुरुस्तीच्या नावाखाली पाहुणचार लाटावयास येणाऱ्या नव्या सोयींना तिने दारातच अडविले जाते.

हे काम करणाऱ्यांना कीर्ती मिळत नाही. नवी आवृत्ती निघते तेव्हा समारंभ होतात; जुन्या आवृत्तीचे सदतिसावे शुद्धिपत्रक निघते तेव्हा चार ओळींची सूचना लागते. लिनक्सची २.४ ही मालिका जानेवारी २००१ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ ने तिची जागा घेतली. तरीही विली तारो या फ्रेंच अभियंत्याने २.४ ची निगा पुढे अनेक वर्षे वाहिली आणि २०१० च्या डिसेंबरातही तिची सुधारित प्रत काढली. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुढे या कामास शिस्त आणली. निवडक आवृत्त्यांची मुदत दोन वर्षांवरून सहा वर्षांपर्यंत वाढविली गेली, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. कारणे दोन होती. इतक्या जुन्या प्रती वापरणारे थोडे, आणि निगा राखणारी माणसे तर त्याहून थोडी व थकलेली. याच वेळी वीजकेंद्रे, रेल्वे यांसारख्या ठिकाणी यंत्रे वीस-तीस वर्षे चालवावी लागतात म्हणून काही उद्योगसमूहांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन काही थोड्या आवृत्त्या किमान दहा वर्षे सांभाळण्याचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. ज्याला गरज आहे त्याने भार उचलावा, असा हा सरळ व्यवहार आहे, आणि तो शक्य होतो याचे कारण मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे.

तेव्हा जुन्या आवृत्तीची सेवा अनंत काळ चालावी, अशी मागणी कोणी सुज्ञ माणूस करणार नाही. एकच अभियंता पाच आवृत्त्यांत विभागला गेला तर पाचही रोडावतात. पायथनच्या बाबतीत ही वाढीव मुदत काही थोरामोठ्या ग्राहकांपुरती न राहता सर्व जगाला मिळाली; पण तिची किंमत त्या भाषेत साधने लिहिणाऱ्या असंख्य स्वयंसेवकांनी दोन पिढ्यांसाठी दुप्पट कष्ट करून चुकती केली. १ जानेवारी २०२० ही अखेरची तारीख ठरली आणि एप्रिलमधील त्या अठराव्या दुरुस्तीने पडदा पडला. विशेष हे की, मूळ कर्त्यांनी हात टेकल्यावरही ज्यांना गरज होती त्यांचा मार्ग खुंटला नाही. रेड हॅट कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी २.७ ची निगा जून २०२४ पर्यंत राखली. कर्त्याने थांबावे, हा त्याचा अधिकार आहे. परंतु केव्हा थांबणार हे त्याने पुष्कळ आधी सांगावे आणि आपण थांबल्यावर दुसऱ्याला पुढे होण्याची वाट मोकळी ठेवावी, इतकी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

वाट मोकळी नसली म्हणजे काय होते, हे २०१७ च्या मे महिन्यात जगाने पाहिले. विंडोज एक्सपी ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली २००१ मध्ये निघाली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची सार्वत्रिक सेवा बंद झाली. जवळजवळ साडेबारा वर्षांची ही सेवा कमी नव्हे. शिवाय तारीख आधी जाहीर केलेली होती. येथपर्यंत कंपनीला दोष देता येणार नाही. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर कृमी पसरला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने ओलीस धरले. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० विश्वस्त संस्थांना झळ पोहोचली. रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक असाधारण पाऊल उचलले. तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठी दुरुस्ती सर्वांना खुली केली. कंपनीची प्रशंसा झाली. मात्र तिच्याच निवेदनात एक गोष्ट स्पष्ट होती: निवृत्त प्रणालींसाठी ही दुरुस्ती विशेष करार केलेल्या ग्राहकांच्या व्यवस्थेतली होती, आता ती सर्वांस उपलब्ध करून दिली जात होती. म्हणजे एक्सपीची देखभाल बंद झालीच नव्हती. ती फक्त पैसे मोजणाऱ्यांच्या दारापुरती उरली होती.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सारा दोष विक्रेत्यावर ढकलून आपण मोकळे होऊ. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील बहुसंख्य बाधित संगणक एक्सपीचे नव्हतेच; ते विंडोज सातचे होते. त्या आवृत्तीची सेवा तेव्हा चालू होती आणि नेमकी याच दोषावरची दुरुस्ती १४ मार्च रोजी, म्हणजे संकटाच्या दोन महिने आधी, फुकट देण्यात आली होती. ती कोणी बसविली नाही. शुद्धिपत्रक कचेरीत येऊन पडावे आणि नस्तीस जोडलेच जाऊ नये, असा हा प्रकार. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ची लाट आली. तिच्या प्रसाराच्या साधनांत विंडोजमधील हेच छिद्र होते. तिने मर्स्क या जहाजकंपनीचा जगभरचा कारभार ठप्प केला आणि तिची झळ थेट न्हावा-शेवापर्यंत आली. जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज कोलमडले. दुरुस्ती न झालेला एक संगणक हा त्याच्या मालकापुरता प्रश्न नसतो, हे यावरून दिसते. लशीच्या बाबतीत जो न्याय आपण मान्य करतो तोच येथे लागू आहे.

आता हाच प्रसंग विंडोज १० च्या रूपाने आपल्या दारात आला आहे. जुलै २०१५ मध्ये निघालेल्या या प्रणालीची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ घ्यावे, असा सल्ला दिला जातो. परंतु तिच्यासाठी ठरावीक सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. साधारणतः २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. मग आमदार निधीतून, देणगीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून मिळालेले आणि अजून ठणठणीत चालणारे यंत्र एका तारखेला ‘जुने’ ठरते. ते बिघडलेले नाही. त्याच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत, इतकेच.

त्या खरोखर थांबल्या आहेत काय? नाही. वाढीव सुरक्षा-सेवा म्हणून त्या विकत मिळतात. तिचे दर पाहण्यासारखे आहेत. व्यापारी संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. एकूण ४२७ डॉलर. शिक्षणसंस्थांसाठी मात्र अनुक्रमे १, २ आणि ४. एकूण ७ डॉलर. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वेगळी योजना. आणि युरोपातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविल्यावर तेथील ग्राहकांस ती शुल्क न घेता देण्याची सवलत. शाळांना दिलेली सवलत स्तुत्यच आहे. परंतु तीच दुरुस्ती, तोच अभियंता, त्याच ओळी. एकाला ४२७, दुसऱ्याला ७ आणि तिसऱ्याला काहीच नाही. दर दुरुस्तीच्या खर्चावर बेतलेला नाही, हे यावरून उघड होते. तो जुन्या घरातून माणसे बाहेर काढण्यासाठी ठरविलेला आहे. खाजगी कंपनीने मोठ्या उद्योगांशी असा व्यवहार करावा, यास कोणाचा आक्षेप नसावा. पण सुरक्षेची दुरुस्ती एकदा सिद्ध झाल्यावर तिची दहावी प्रत देण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि दहा लाखावी प्रत देण्यासही येत नाही. ती अडवून धरण्याने ग्रामीण शाळेचे जे नुकसान होते त्याच्या प्रमाणात कंपनीचा लाभ नगण्य आहे. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या, जोवर त्या कोणासाठी तरी तयार होत आहेत तोवर, सर्वांना मिळाल्या पाहिजेत. नव्या सोयींसाठी हवे तेवढे मोल घ्यावे.

युरोपीय संघाने या दिशेने कायद्याचे पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या त्याच्या सायबर-सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. त्यानुसार संगणकीय वस्तू विकणाऱ्यास तिच्यातील दोष सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे दुरुस्त करून द्यावे लागतील आणि ही मुदत केव्हा संपते ते ग्राहकास खरेदीच्या वेळीच सांगावे लागेल. ब्रिटनने घरगुती जोडणीच्या उपकरणांपुरता असाच मुदत जाहीर करण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू केला. अन्नाच्या डब्यावरील तारीख आपण पाहतो. संगणकाच्या खोक्यावर ती का नसावी?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हाती जे आहे ते थोडे नाही. शाळा, महाविद्यालये, नगरपालिका, सहकारी संस्था जेव्हा संगणकासाठी निविदा काढतात तेव्हा स्मृती किती, पडदा किती इंची, हे बारकाईने विचारले जाते. या प्रणालीच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील आणि त्यानंतर काय दराने मिळतील, असा एक रकाना त्यात घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. केरळमधील सरकारी शाळांनी उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आपली स्वतंत्र प्रणाली उभी केली. नव्या विंडोजच्या अटींत न बसणाऱ्या यंत्रांसाठी तसा मार्ग येथेही तपासून पाहता येईल, मात्र त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण आणि वेळ द्यावा लागेल, नुसते परिपत्रक काढून भागणार नाही. आणि तोपर्यंत शाळांसाठीचे ते सात डॉलर भरावयाचे कोणी? संगणककक्षाची किल्ली ज्या शिक्षकाकडे असते त्याला अशी योजना आहे हे बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. वेतनेतर अनुदानाच्या कोणत्या शीर्षाखाली ही रक्कम बसते, हे शिक्षण विभागाने एका ओळीत कळविले तर पुष्कळ मुख्याध्यापकांची अडचण दूर होईल. तिसऱ्या वर्षाची मुदत २०२८ च्या ऑक्टोबरात संपते.